क्रूझवरचं जेवण ठीकठाक, हेड वेटरला मात्र पैकीच्या पैकी

मे महिन्यात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. मी, बायको आणि आई. पूल, कॅसिनो, शो यांचे रिव्ह्यू ढिगाने सापडतील म्हणून मी फक्त मेन डायनिंग रूमबद्दल लिहितोय, आणि त्यातही हेड वेटर या माणसाबद्दल, कारण जायच्या आधी याच्याविषयी आम्हाला कोणी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

तर आधी तिथली उतरंड. सगळ्यात वर मेत्र डी, म्हणजे अख्ख्या डायनिंग रूमचा मालकच समजा. त्याच्या खाली हेड वेटर, मग वेटर, मग असिस्टंट वेटर जो पाणी, ब्रेड, उष्ट्या प्लेटा बघतो. हॉटेलात कॅप्टन असतो ना आपल्याकडे, तसाच हेड वेटर, फक्त कॅप्टन ऑर्डर घेऊन मोकळा होतो आणि हा रोज तुमच्याच टेबलाशी बांधलेला असतो. आमच्या हेड वेटरकडे आठ वेटर आणि त्यांचे आठ असिस्टंट होते असं तोच म्हणाला. तेवढी टेबलं आणि तीही दोनदा, आधी सहाची बॅच आणि मग सव्वाआठची.

आई 74 वर्षांची, अंडंसुद्धा चालत नाही. टूर एजंटला दोनदा फोनवर सांगितलेलं, तो म्हणाला सर टेन्शन घेऊ नका सगळं सिस्टीममध्ये टाकलंय. काही टाकलं नव्हतं. पहिल्या रात्री मश्रूम सूप आलं, वेटर पोरगा नवीन होता, हसत हसत व्हेज व्हेज म्हणाला. आईने चमचा तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि खाली ठेवून दिला. बस एवढंच, कोणी काही बोललंही नाही. तीन टेबलं पलीकडे काळ्या कोटातला एक माणूस उभा होता, तोच आमचा हेड वेटर, त्याने ते बघितलं आणि सरळ आमच्याकडे आला, सूपचा बाऊल उचलून आत गेला, दोन मिनिटात परत येऊन म्हणाला यात चिकनचा स्टॉक आहे, चूक आमची आहे. त्या पोराला आमच्यासमोर एक शब्द बोलला नाही, हे मला फार आवडलं.

मग आमचं आडनाव ऐकून गडी मराठीत सुरू झाला. गोव्याचा, सासष्टीकडचा, सतरा वर्षं बोटीवर. त्याचे आजोबापण बोटीवर होते, मुंबईत धोबीतलावला गावाचा क्लब असतो ना, कूड म्हणतात, तिथे राहून बोटीची वाट बघायचे. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात हे त्याच्याकडूनच कळलं.

आता कामाची गोष्ट, जी प्रत्येक व्हेज, जैन किंवा ॲलर्जीवाल्याने जायच्या आधी माहीत करून घ्यावी. आज टेबलवर बसून आज वेगळं मागितलं तर जे असेल त्यातलंच जोडून देतात. खरी सिस्टीम अशी की डेझर्टच्या वेळेला हेड वेटर उद्याचा मेन्यू घेऊन येतो, तुम्ही त्यातलं निवडायचं, तो वहीत टेबल नंबर टाकून लिहून घेतो आणि गॅलीत देतो (बोटीवरचं किचन म्हणजे गॅली), आणि दुसऱ्या दिवशी ते तुमच्यापुरतं वेगळं बनतं. म्हणून पहिल्याच रात्री त्याला गाठा. वेटरला सांगून बसू नका, तो बिचारा ट्रे उचलण्यात असतो.

तिसऱ्या दिवशी एकादशी होती. आदल्या रात्री मी लाजत लाजत उपवासाचं विचारलं, साबुदाणा नाहीच म्हणाला, पण मग खुर्ची जरा ओढून आईच्या शेजारी वाकला आणि विचारायला लागला, आई हळद चालते का, मोहरी, हिंग, जिरं, मीठ कसलं. एकेक लिहिलं. आई म्हणाली जिरं, तूप, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट, बाकी काही नको. यावर तो थांबला आणि शेजारच्या दोन टेबलांवर जाऊन विचारून आला की कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का! दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी आणि दही झाकणाखाली घालून स्वतः घेऊन आला, असिस्टंटच्या हातात दिलं नाही. कूट जरा जाडंभरडं होतं, आईने सांगितलंच त्याला, तोंडावर. तो म्हणाला आतला शेफ फिलिपिनो आहे, त्याला कूट म्हणजे काय हे सांगता सांगता माझी वाट लागली.

खटकलेलं पण लिहितो. दुसऱ्या रात्री हाच माणूस पैसे देऊन जायच्या रेस्टॉरंटची जाहिरात करायला आला, दोनदा नको म्हटलं तरी. आणि शेवटच्या रात्री सर्व्हेत दहापैकी दहा द्या हां असं सगळ्या टेबलांवर सांगत फिरत होता. राग नाही आला, वरून प्रेशर असणारच, पण ते ऐकायला कसंतरी वाटतं.

टिपचं म्हणाल तर माणशी दिवसाला 18 डॉलर बिलातच लागले, तिघांचे चार रात्रींचे 216. त्यात केबिनवाल्यापासून हेड वेटरपर्यंत सगळे आले. पूर्वी शेवटच्या रात्री वेटर, असिस्टंट आणि हेड वेटर अशी तीन वेगळी पाकिटं द्यायची पद्धत होती, आता सक्ती नाही. आम्ही तरी त्याला आणि सूपवाल्या पोराला वेगळं दिलं.

बाकी जेवण साडेतीन स्टार. डाळ चारही रात्री तीच, फक्त नाव बदलून यायची. पनीर रबरासारखं. ब्रेड मात्र एक नंबर आणि डेझर्टमध्ये बिनअंड्याचं रोज काहीतरी निघायचं. सव्वाआठची बॅच घ्या, सहाला फुकेत फिरून आल्यावर अंघोळ पण होत नाही. एजंटला परत आल्यावर मेसेज टाकलाय, ब्लू टिक आली, उत्तर अजून नाही.