दोन बोटांची चांदी

एप्रिल 2011 मध्ये चांदी औंसाला 49 डॉलरच्या आसपास गेली होती. त्याच सुमारास सिअ‍ॅटलमधल्या आमच्या एका परिचितांच्या घरी, जेवणं झाल्यावर, एका छोट्या खाण कंपनीचा माणूस बोलायला आला. कंपनीचं नाव लिहीत नाही. आम्ही दोघांनी तिच्यात 18,000 डॉलर घातले. लेकीच्या कॉलेजसाठी ठेवलेले.

जागा आयडाहोच्या डोंगरातली, कोर डलेनचा चांदीचा पट्टा. तो माणूस बरंचसं खरं बोलला, म्हणून तर आम्ही फसलो. या पट्ट्यातून शंभर कोटी औंसांहून जास्त चांदी निघालीय, हे खरं. तिथल्या 'लकी फ्रायडे' खाणीत वर किरकोळ असलेली शीर, म्हणजे दगडातला खनिजाचा पट्टा, खोल गेल्यावर जाड झाली, हेही खरं. मग त्याने हळूच पुढचं जोडलं: आमचा क्लेम, म्हणजे खाणकामाचा हक्क असलेली जागा, शेजारीच आहे, खाली तेच असणार. आणि ड्रिलिंगमधून निघालेला कोअरचा, म्हणजे दगडाच्या गोल कांडीचा, तुकडा हातात दिला. मधोमध गॅलेनाची, म्हणजे चांदी असलेल्या शिशाच्या खनिजाची, चमकती रेघ. ‘टनाला 60 औंस,’ म्हणाला. यांनी तो दोनदा दिव्याखाली धरून पाहिला आणि चेकबुक काढलं.

दोन वर्षांत पत्रं थांबली, फोन बंद झाला. 2013 च्या उन्हाळ्यात आम्ही गाडी काढून त्याच पट्ट्यातल्या वॉलेस गावी गेलो. तिथे खाणीत हयात घालवलेल्या एका आजोबांना तो तुकडा दाखवला. त्यांनी चमकत्या रेघेवर दोन बोटं आडवी ठेवली. रेघ झाकली गेली. ‘बाई, शीर एवढीच. पण आत माणूस आणि यंत्र जायचं तर निदान पाच फूट रुंद कोरावं लागतं.’ पाच फूट म्हणजे 60 इंच. दोन इंचांतली चांदी 60 इंचांच्या दगडात वाटली गेली की टनाला उरतात 2 औंस. हा हिशोब त्यांनी कागदी रुमालावर करून दिला. मी इंजिनिअर आहे. तो मला आधीच करता आला असता, याची खंत अजून जात नाही.

नकाशावर त्यांनी ऑसबर्न फॉल्टची रेघ दाखवली. या भेगेने दोन्हीकडची जमीन एकमेकींपासून कित्येक मैल सरकवलीय. आमचा क्लेम पलीकडच्या बाजूला होता. म्हणजे नकाशावर शेजारी, पण दगडात शेजारी नाही.

आणि खर्च? लकी फ्रायडेचा नवा शाफ्ट, म्हणजे खाली उतरायची उभी विहीर, तेव्हा खोदला जात होता. भुईखाली 4,900 फुटांवरून सुरुवात करून तो 2017 मध्ये 9,600 फुटांच्या आसपास पोचला. त्याला 20 कोटी डॉलरहून जास्त लागले. तिथला दगड तापलेला असतो, दाबाने अचानक फुटतो. डिसेंबर 2011 मध्ये असा स्फोट होऊन माणसं जखमी झाली आणि 2012 चं अख्खं वर्ष खाण बंद राहिली. मोठ्या कंपनीला असा तोटा झेपतो. आमच्यासारख्यांच्या वर्गणीवर चाललेली कंपनी एवढ्या खोल कशी जाणार होती, हे त्या रात्री कोणीच विचारलं नाही.

आता चांदी पुन्हा चढलीय. परवा मंडळातल्या एका मुलाने मोबाईलवर अशाच कोअरचा फोटो दाखवला. मी विचारलं, शीर किती इंच रुंद आहे रे? त्याने फोटो मोठा करून पाहिला. शेजारी फूटपट्टी ठेवलेली नव्हती.