लग्नाच्या एडिटिंगसाठी जोडलेला पीसी : एका लग्नसराईनंतर

आधी मशीनमध्ये काय काय आहे ते सांगतो. इंटेल कोअर आय५-१४५००, बी७६० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा सेमी-मॉड्युलर पॉवर सप्लाय, डीपकूल एके४०० कूलर आणि जुन्या मशीनमधून काढलेल्या तीन हार्ड डिस्क. मार्च २०२५ मध्ये जोडलं. एप्रिल-मेची अख्खी लग्नसराई याच्यावर काढली आणि तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम आता चालू आहे.

आमचं काम म्हणजे कराड-सातारा पट्ट्यातली लग्नं, साखरपुडे, अधूनमधून एखादं डोहाळजेवण. जुन्या मशीनमध्ये चौथ्या पिढीचा आय५ होता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालेलं होतं आणि त्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. तेव्हा नवीन मशीन घ्यायचंच होतं. प्रश्न एवढाच की काय घ्यायचं.

पार्ट एकमेकांना जुळतात की नाही हे तपासणं आता फार सोपं झालंय. पीसीपार्टपिकरसारख्या साइटवर यादी टाकली की सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा), रॅमचा प्रकार, कार्डाची लांबी, वॅट, सगळं ती बघते आणि सांगते की अडचण नाही. ते खरंही असतं. पण तिला आपलं काम माहीत नसतं, घरची वायरिंग माहीत नसते, आणि मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात तळाला काय लिहिलंय तेही तिला दर वेळी कळतं असं नाही. माझा सगळा वेळ या तीन गोष्टींवर गेला. आज मशीन बरं चाललंय ते त्यामुळेच, असं माझं मत आहे.

प्रोसेसरपासून सुरुवात करतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशीला गेलो तेव्हा एका दुकानदाराने लगेच ‘एफ’वाला प्रोसेसर पुढे केला. म्हणाला, “साहेब, कार्ड घेताय ना? मग आत ग्राफिक्स कशाला? उगीच पैसे घालवताय.” गेम खेळणाऱ्या पोराला हा सल्ला अगदी बरोबर आहे. इंटेलच्या नंबरापुढे एफ असेल तर आतलं ग्राफिक्स बंद असतं आणि किंमत थोडी उतरते. पण आमचे कॅमेरे सोनीचे. आम्ही शूट करतो ते एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत), १०-बिट, ४:२:२. म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची आणि रंगाची माहिती आडव्या दोन पिक्सेलमागे एक. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल ग्रेडिंगमध्ये ताणायचा असेल तर याचा फरक पडतो. आता गंमत अशी की ही फाइल उलगडायचं, म्हणजे डीकोड करायचं, काम एनव्हिडियाच्या ४० सिरीजचं कार्ड हार्डवेअरमध्ये करतच नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं आतलं ग्राफिक्सही करत नाही. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक मात्र करतं. म्हणजे ज्या गोष्टीला दुकानदार फुकटचा खर्च म्हणत होता, तिच्यासाठीच मी इंटेल घेत होतो.

१४५०० घेण्याचं कारणही तेच. त्यात यूएचडी ७७० हे आतलं ग्राफिक्स आहे, आणि त्यात व्हिडिओची दोन इंजिनं असतात. आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३०, त्यात एकच. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावून मंगलाष्टकांचा भाग कापताना हा फरक समोर दिसतो. जुन्या मशीनवर आम्ही आधी सगळ्याच्या प्रॉक्सी (हलक्या प्रती) बनवायचो आणि त्यात रात्र जायची. आता कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं केलं की थेट टाइमलाइनवर.

पण इथे एक मेख आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर नावाचा पर्याय चालू करावा लागतो (बोर्डागणिक नाव थोडं वेगळं असतं). मग विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकायचा. त्यानंतर प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डीकोडिंगला इंटेलची खूण आहे ना ते बघायचं. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडा, इंटेलच्या जीपीयूवर जा आणि व्हिडिओ डीकोडचा आलेख बघत टाइमलाइन चालवा. आलेख हलला तर काम झालं. सपाट राहिला तर सगळा भार कोअरवर पडतोय, आणि मशीन कितीही महाग असलं तरी व्हिडिओ अडखळणारच.

आज कोणी घेत असेल तर गणित बदललंय, हेही सांगायला हवं. एनव्हिडियाची ५० सिरीज ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडते. आरटीएक्स ५०६० मे २०२५ मध्ये आलं, म्हणजे माझ्या खरेदीनंतर. ते कार्ड घेणार असाल तर प्रोसेसर एएमडीचा घेतला तरी फूटेज अडणार नाही, आणि एएम५ सॉकेटला पुढेही नवे प्रोसेसर मिळत राहतील. माझ्या एलजीए१७०० सॉकेटला पुढची पिढी नाही. इंटेल २०२४ मध्येच एलजीए१८५१ वर गेलं. मला ते चालण्यासारखं होतं, कारण आमच्याकडे मशीन एकदा घेतलं की ते पार थकेपर्यंत वापरतात. मधे प्रोसेसर बदलायचा प्रश्न आमच्या घरात कधी आलाच नाही.

१३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरमधला व्होल्टेजचा घोळ २०२४ मध्ये गाजला होता. त्यावरचा उपाय मायक्रोकोडमधून (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधून) आला आणि तो बायोस अपडेटबरोबर मिळतो. म्हणून विंडोज टाकण्याआधीच पेनड्राइव्हने बायोस ताजं केलं. त्याच पेनड्राइव्हवर लॅनचा ड्रायव्हरही ठेवा. विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागतं, आणि बोर्डावरचं लॅन त्याला ओळखता आलं नाही तर गाडी तिथेच अडते.

मदरबोर्ड. याचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतं आणि विकत घेण्याआधी वाचता येतं. बी७६० नाव एकच असलं तरी डीडीआर४ चा बोर्ड वेगळा, डीडीआर५ चा वेगळा. स्लॉटची खाचच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जुनी रॅम नव्यात बसत नाही. मी आणखी दोन गोष्टी बघितल्या. एक, साटाचे पोर्ट (हार्ड डिस्क जोडायच्या जागा) किती आणि ते कधी बंद पडतात. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या एसएसडीच्या खाचेत, साटा प्रकारचा एसएसडी लावला की एक साटा पोर्ट बंद होतो, आणि हे मॅन्युअलमध्ये तळटिपेत असतं. आमच्या तीन हार्ड डिस्कमध्ये सगळी जुनी लग्नं आहेत. चार-चार वर्षांनी लोक फोन करतात की दादा, आमचा पेनड्राइव्ह हरवला. दुसरी गोष्ट, पुढच्या टाइप-सी पोर्टचा हेडर. कॅबिनेटला पुढे टाइप-सी असतं, पण स्वस्तातल्या बोर्डावर त्याची केबल लावायला जागाच नसते. मग ते पोर्ट फक्त शोभेला राहतं. आमचा कार्ड रीडर टाइप-सीचा, म्हणून हेडर असलेला बोर्ड थोडे पैसे जास्त देऊन घेतला.

रॅमच्या चार स्लॉटपैकी दोनच भरायचे असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले की वेग खाली येतो. रायझन ७००० साठी तर एएमडी स्वतःच दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० असा आकडा देते. म्हणून ‘आता एक घेऊ, पुढे वाढवू’ न करता सुरुवातीलाच ३२ जीबीचा जोड घेतला. तेव्हा घरच्यांना जास्त वाटलं होतं. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव असे काही चढले की विचारू नका. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशलचा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता ६४ जीबीचा विचार मी बाजूला ठेवलाय.

कूलरबद्दल. प्रोसेसरसोबत येतो तो पंखा काम भागवतो, पण एक्सपोर्टला बसला की घों-घों सुरू होते, आणि आमची एडिटिंगची खोली म्हणजे घरचीच माडी. जुना कूलर एलजीए१७०० वर तसाच बसत नाही, कारण बोर्डावरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमीचं ७८ मिमी झालंय. वेगळी पट्टी लागते. एके४०० ची उंची १५५ मिमी आणि माझं कॅबिनेट १६० मिमीपर्यंत घेतं, म्हणजे वर बोटभरही जागा नाही. बायोसमध्ये वीज-मर्यादा इंटेलच्या मूळ आकड्यांवर, म्हणजे नेहमीच्या कामाला ६५ आणि थोड्या वेळाच्या जोराला १५४ वॅटवर ठेवली. काही बोर्ड ती मुळातच सैल सोडून देतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या माडीवर दुपारी एक्सपोर्ट लावूनसुद्धा तापमान ऐंशीच्या वर गेलं नाही.

कॅबिनेट मात्र मनासारखं नाही. हल्लीच्या कॅबिनेटना काचा, रंगीत पंखे, सगळं असतं, पण हार्ड डिस्क ठेवायला दोनच जागा. त्याही खाली, पॉवर सप्लायसमोरच्या पिंजऱ्यात. तिसरी डिस्क मागच्या बाजूला एसएसडीच्या जागेजवळ पट्टी करून बसवली. चालते, पण जोरात कॉपी चालू असताना पत्रा किंचित गुणगुणतो. पॉवर सप्लाय सेमी-मॉड्युलर घेतला म्हणून निदान नको त्या केबली त्या पिंजऱ्यात कोंबाव्या लागल्या नाहीत. मॉड्युलर केबलबद्दल एकच सांगतो: एका पॉवर सप्लायची केबल दुसऱ्याला लावू नका. पार्टकडचं टोक सारखंच असलं तरी पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि डिस्क जळायला तेवढं पुरतं.

वॅटचं म्हणाल तर ४०६० फक्त ११५ वॅटचं कार्ड आहे, एका ८-पिनवर चालतं, कंपनी ५५० वॅटचा सप्लाय सांगते. ६५० पुरून उरतो. ८० प्लसचा बिल्ला बघून सप्लायचा दर्जा ठरवू नका. तो बिल्ला फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षेचं काही सांगत नाही.

आता घरची वीज. नवीन मशीनच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, अनवाणी असलो की जास्तच. मशीनमध्ये दोष नव्हता. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह बॉडीवर येतो आणि तो अर्थिंगवाटे जायचा असतो. माडीवरच्या विजेच्या बोर्डाला तीन पिनी होत्या, पण अर्थची वायर कुठेच जोडलेली नव्हती. वायरमन बोलावून वरपर्यंत अर्थिंग ओढून घेतलं आणि झिणझिण्या थांबल्या. गावाकडच्या, जुन्या घरांतल्या लोकांनी हे पार्ट घेण्याआधीच तपासून घ्यावं.

यूपीएसचंही तसंच. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. एक्सपोर्टच्या भरात प्रोसेसर, कार्ड, तीन डिस्क आणि दोन मॉनिटर मिळून त्याच्या फार जवळ जातात. मी १००० व्हीएचा घेतला. लाईट गेली की एवढा वेळ मिळतो की प्रोजेक्ट सेव्ह करून मशीन बंद करता येतं. त्याहून जास्त अपेक्षाही नाही.

शेवटी वॉरंटी. सगळ्या पार्टची पक्की, जीएसटीची बिलं घ्या आणि जोडायला बसण्याआधी प्रत्येकाच्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. पॉवर सप्लाय एकदा आत बसला की त्याचं लेबल दिसत नाही, आणि एसएसडीचं हीटसिंकखाली जातं.