पिंपरी चिंचवडच्या पुनावळ्यात 11 महिने राहून झाले, 2 बीएचके, 14 वा मजला

ऑफिसातले तिघं-चौघं याच भागात फ्लॅट बघतायत, प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो. बिल्डरचं नाव विचारू नका, नाही सांगणार.

गेल्या दसऱ्याला वास्तुशांत केली. घर म्हणाल तर चांगलंय, वारा इतका की दुपारी फॅन लागत नाही, पावसाळ्यात बाल्कनीतून घोरावडेश्वरच्या बाजूचे डोंगर दिसतात. फक्त सॅम्पल फ्लॅटमधला बेड मी तेव्हा मोजला नाही, तिथे चक्क साडेपाच फुटी बेड टाकला होता! आमचा जुना बेड लावल्यावर कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं, अकरा महिने बायको तिरकी होऊन साड्या काढतेय. जुलैमधे बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली, तर माणूस येऊन वरून रंग मारून गेला. मग मेलमधे रेराचं (घर घेणाऱ्यांसाठीचा बिल्डरवरचा कायदा) कलम 14(3) लिहिलं, ताब्यापासून 5 वर्षं असले दोष फुकट दुरुस्त करून द्यायचे आणि तेही 30 दिवसात, तेव्हा कुठे झुला लावून बाहेरून क्रॅक भरली. सांगायचं ते लेखी सांगा, साइट इंजिनियरला तोंडी सांगून काही होत नाही.

आता पाणी. पिंपरी चिंचवडला नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येतं, हे सेल्स ऑफिसात कॉफी पाजताना कोणी बोलत नाही. बाकी सगळं बोअर आणि टँकर. मे महिन्यात आमच्या एका टॉवरला दिवसाला 10 हजार लिटरचे 5 टँकर लागायचे, पहिला पहाटे साडेपाचला रिव्हर्स घेत यायचा, त्याचा टूं टूं आवाज चौदाव्या मजल्यावर स्पष्ट येतो, अलार्म लावायची गरज नाही. पाणी जड, नळांवर पांढरे थर, गिझरची कॉइल आठ महिन्यात गेली.

रस्त्याचं काय सांगू, हायवेखालचा अंडरपास हीच खरी परीक्षा. हिंजवडी रविवारी पंधरा मिनिटांवर आहे आणि सोमवारी सकाळी पाऊण तास. पाऊस पडला तर अंडरपासमधे तळं साचतं, मग टू व्हीलरवाले काठावर उभे राहून पुढच्याचं सायलेन्सर बुडतंय का बघतात. मी आता आठवड्यातून दोनदा बास्केट ब्रिजवरून आकुर्डी स्टेशन गाठतो, गाडी तिथे लावतो आणि लोकलने शिवाजीनगर, ते बरं पडतं.

अमेनिटी 40 लिहिल्या होत्या ब्रोशरमधे. त्यात "सीनियर सिटिझन प्लाझा" म्हणजे दोन बाकडी आणि एक फायबरचा हत्ती. पण गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो. संध्याकाळी पाचला नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्या तिथे जमतात, जळगाव, लातूर, अकोला, सगळीकडच्या. आमची आई सुरुवातीला म्हणायची मला गावी सोड, आता भरताची वांगी कुणी आणली नि कुठल्या डब्यात गेली एवढं तिला माहीत असतं. भाजीही त्यांनीच लावून घेतली, ताथवड्याकडून एक टेम्पोवाला दर गुरुवारी गेटवर येतो. जिममधे मी चारदा गेलो असेन. क्लब हाऊसला बारशाला भाडं द्यावं लागतं, दोन वर्षांचा मेंटेनन्स 18 टक्के जीएसटीसकट आधीच घेतलाय तरी.

राहिला स्विमिंग पूल. खाली टँकर उभा आणि शेजारी निळाशार पूल भरलेला, हे मे मधे बघवत नव्हतं. परवा मीटिंगमधे उन्हाळ्यात तो रिकामा ठेवायचा विषय निघाला, तर ज्यांनी पूल व्ह्यूचे जास्तीचे पैसे भरलेत ते एवढे चिडले की साडेअकराला लाइट बंद करून सगळ्यांना घरी पाठवावं लागलं. पुढच्या रविवारी परत बसणार आहोत.