जुनी रॉ की जुनी नायट्रो?
रॉ आणि नायट्रो या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या (डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि डब्ल्यूसीडब्ल्यू) कुस्तीच्या टीव्ही मालिका; अमेरिकेत सोमवारी रात्री दोन्ही एकाच वेळी लागायच्या. आज जुने भाग पाहायचे तर मी आधी १९९६ची नायट्रो लावेन. एरवी नायक असलेला हल्क होगन चक्क खलनायक झालेला, एनडब्ल्यूओ या त्याच्या टोळीची दादागिरी, आणि सगळं थेट प्रक्षेपण, त्यामुळे कधी काय होईल याचा नेम नसे. कुस्तीपटू रे मिस्टेरिओच्या उड्या तर आजही शिळ्या वाटत नाहीत. रॉ तेव्हा फिकी; बरेच भाग आधीच चित्रित केलेले. १९९८मध्ये मात्र पारडं फिरलं: कुस्तीपटू स्टीव्ह ऑस्टिन विरुद्ध रॉचा मालक मॅकमहन! ४ जानेवारी १९९९ला तर नायट्रोच्या निवेदकानेच आधीच चित्रित झालेल्या रॉवर कुस्तीपटू मिक फोली विजेतेपद जिंकणार हे फोडलं, आणि प्रेक्षक तिकडेच पळाले. नायट्रोचं २००० साल? खुशाल वगळा.