एडनच्या आखातातील चिनी नौदलाची संरक्षण-सेवा : एक परीक्षण

26 डिसेंबर 2008 रोजी ‘वुहान’ आणि ‘हायकोऊ’ या दोन विनाशिका आणि ‘वैशानहू’ हे पुरवठा जहाज हैनान बेटावरील सान्या बंदरातून निघाले आणि 6 जानेवारी 2009 रोजी त्यांनी येमेन आणि सोमालिया यांच्यामधील एडनच्या आखातात व्यापारी जहाजांना संरक्षण देण्यास प्रारंभ केला. सोमाली चाच्यांविरुद्ध कारवाई करण्यास संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2008 मध्येच मान्यता दिली होती. भारताची ‘आयएनएस तबर’ ही युद्धनौका आणि युरोपीय संघाची ‘अटालांटा’ ही नौदल मोहीम चिनी तुकडीच्या आधीच तेथे पोहोचली होती. चीनच्या आगमनाचे राजकीय अर्थ पुष्कळ लावले गेले. तथापि ज्या खलाशांना त्या पाण्यातून जावेच लागत होते, त्यांना ही सेवा कितपत उपयोगी पडली, या एकाच प्रश्नावर तिचे मूल्यमापन व्हावे असे मला वाटते.

सेवेची पद्धत सरळ होती. जहाजाने आगाऊ नोंदणी करायची, ठरलेल्या वेळी आखाताच्या पूर्व किंवा पश्चिम टोकाच्या एकत्र येण्याच्या जागी हजर व्हायचे आणि युद्धनौकांच्या सोबतीने रांगेत साधारण 550 ते 600 सागरी मैलांचा पट्टा पार करायचा. गरज भासल्यास हेलिकॉप्टर उडे, आणि काही जहाजांवर चिनी विशेष दलाचे सशस्त्र सैनिकही चढवले जात. शुल्क काहीही नव्हते, आणि सेवा केवळ चिनी ध्वजाच्या जहाजांपुरती नव्हती. दहा वर्षांत साडेसहा हजारांहून अधिक जहाजांना सोबत दिली आणि त्यांतील सुमारे निम्मी परदेशी होती, असे चीनने जाहीर केले. ज्यांचा वेग कमी आणि ज्यांचे डेक पाण्याच्या जवळ, अशा मालाने भरलेल्या जहाजांना या सोबतीचे मोल सर्वाधिक होते, कारण 18 नॉट (ताशी 18 सागरी मैल) किंवा त्याहून अधिक वेगाने धावणाऱ्या जहाजावर चढणे चाच्यांना जवळजवळ अशक्य असते आणि मंद जहाजाला मात्र पळण्याचा मार्गच नसतो.

उणिवाही याच पद्धतीतून येतात. ताफ्याची वेळ चुकली तर पुढच्या ताफ्याची वाट पाहावी लागे, आणि एकदा रांगेत शिरल्यावर सर्वांत मंद जहाजाच्या चालीनेच जावे लागे. थांबलेल्या जहाजाचे भाडे आणि इंधन यांचा हिशेब मालकाला रोज मांडावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे अनेक वेगवान जहाजांनी इतर नौदलांची गस्त असलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या मार्गिकेतून स्वतंत्रपणे जाणे का पसंत केले, ते समजते.

सर्वांत गंभीर मर्यादा पट्ट्याबाहेरची. 19 ऑक्टोबर 2009 रोजी दक्षिण आफ्रिकेतून गुजरातमधील मुंद्रा बंदराकडे कोळसा घेऊन निघालेले ‘द शिन हाय’ हे चिनी जहाज सेशेल्सच्या ईशान्येस पळवले गेले. संरक्षण मिळणारा पट्टा तेथून सुमारे हजार सागरी मैल दूर होता. त्यावरील 25 चिनी खलाशी डिसेंबरच्या अखेरीस सुटले. खंडणी दिली गेल्याचे वृत्त तेव्हा सर्वत्र आले होते. हा दोष एकट्या चीनचा नव्हे, कारण आखातात पहारा वाढताच चाचे हिंदी महासागरात खोलवर सरकले आणि एवढ्या पाण्यावर नजर ठेवणे कोणत्याही एका नौदलाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणूनच इतरांशी सहकार्य हा या सेवेच्या गुणवत्तेचा भाग ठरतो.

येथे चीनने सावध पण खरी प्रगती केली. अमेरिकेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संयुक्त कृती दल 151 या बहुराष्ट्रीय नौदल पथकामध्ये, किंवा अन्य कोणाच्या आधिपत्याखाली, त्याने आपल्या नौका दिल्या नाहीत. मात्र बहारीनमध्ये होणाऱ्या समन्वय बैठकांना चिनी अधिकारी जाऊ लागले, आणि 2012 पासून भारत, चीन व जपान यांनी आपापल्या ताफ्यांच्या वेळा एकमेकांशी जुळवून घेतल्या. तीन नौदलांचे ताफे एकाच दिवशी सुटून नंतर दिवसच्या दिवस कोणीच नसणे, ही अडचण त्यामुळे कमी झाली. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतील हा सर्वांत उपयुक्त निर्णय होय, आणि सीमेवर एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या दोन देशांनी तो समुद्रावर घेतला याचे मोल मला विशेष वाटते. एप्रिल 2017 मध्ये ‘ओएस 35’ या जहाजावर चाचे चढले तेव्हा चिनी पथक जहाजावर उतरले, तर भारतीय नौदलाच्या हेलिकॉप्टरने वरून पहारा दिला.

त्याच वर्षी 1 ऑगस्टला आखाताच्या पश्चिम टोकाजवळील जिबूती या आफ्रिकी देशामध्ये चीनचा पहिला परदेशी लष्करी तळ सुरू झाला. दूरच्या समुद्रात राहण्याचा सराव हा चीनचा हेतू होताच. पण हेतू कोणताही असो, संरक्षण प्रत्यक्ष मिळाले. आक्षेप घ्यायचा तर तो नोव्हेंबर 2023 मधील घटनेवर घ्यावा लागेल. एडनच्या आखातात ‘सेंट्रल पार्क’ या टँकरने मदतीची हाक दिली तेव्हा जवळच्या चिनी नौकांनी प्रतिसाद दिला नाही, असे अमेरिकी संरक्षण खात्याने सांगितले, आणि मदतीस ‘यूएसएस मेसन’ ही अमेरिकी युद्धनौका धावली. हे खरे असेल, तर नोंदणी केलेल्या जहाजाला मिळणारी सुरक्षितता आणि समुद्रात संकटात सापडलेल्या कोणत्याही जहाजाला मिळायला हवी ती मदत, यांत या सेवेने अजून अंतर ठेवले आहे असे म्हणावे लागेल.