गढूळ नमुना मोजताना: इंटिग्रेटिंग स्फिअर की फायबर प्रोब?

दूध किंवा इंट्रालिपिड (तेलाचं दुधासारखं पांढरं इमल्शन) प्रकाश किती विखुरतं आणि किती शोषतं, हे वेगवेगळं हवं असेल तर साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरत नाही. त्याला दोन्हींचा एकत्र परिणामच दिसतो.

इंटिग्रेटिंग स्फिअर म्हणजे आतून पांढरा, सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल. त्यासाठी 1-2 मिमी जाडीचा नमुना दोन काचांमध्ये धरून एकूण परावर्तन आणि पारगमन मोजतात, मग इन्व्हर्स ॲडिंग-डबलिंगने (मोजमापांशी जुळेपर्यंत आकडे बदलत जाणाऱ्या गणिती पद्धतीने) शोषण आणि विखुरणाचे गुणांक काढतात. खरी डोकेदुखी कडांची. तिथून निसटलेला प्रकाश गोलात पोचत नाही आणि गणित त्याला शोषण समजतं. मुळात शोषण कमी असेल तर उत्तर भलतंच फुगतं. म्हणून किरण बारीक, गोलाचं पोर्ट (प्रकाश आत घेणारं भोक) मोठं, काच पातळ ठेवा.

फायबर प्रोब म्हणजे नमुन्यावर टेकवायचे प्रकाशतंतू: एक प्रकाश सोडतो, बाकीचे परतणारा गोळा करतात. त्यासाठी नमुना कापावा लागत नाही, त्यामुळे फळ, त्वचा यांना तोच बरा. स्रोतापासून काही मिलिमीटरपर्यंतच्या अंतरांवर परतणारा प्रकाश मोजून त्यावर डिफ्यूजन समीकरण (वारंवार विखुरलेला प्रकाश कसा पसरतो ते सांगणारं) बसवायचं. न्यूनीकृत विखुरण (प्रकाश बहुतेक पुढेच विखुरतो हे धरून कमी केलेला गुणांक) 10 प्रति सेमी असेल तर पहिल्या 1 मिमीच्या आत ते चालत नाही. रक्तासारख्या जास्त शोषणाऱ्या नमुन्यातही फसतं.

दोन्ही पद्धती एकाच इंट्रालिपिडवर तपासा: शाई थेंबाथेंबाने वाढवली की शोषण सरळ रेषेत वाढावं, विखुरण मात्र जवळपास हलू नये.