गॉड-पॉड ग्लुकोज किट: रक्ताला चोख, गुळाला सांभाळून

नाव जीओडी-पीओडी (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज), पण लॅबमध्ये सगळे गॉड-पॉडच म्हणतात. गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबच्या फ्रीजमध्ये हे खोकं असतं आणि अन्नतंत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही असतं. आत रिएजंटच्या गडद बाटल्या, १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या ग्लुकोज स्टँडर्डची छोटी कुपी आणि बारीक अक्षरातलं पत्रक. बऱ्याच कंपन्यांचा माल मिळतो, पण आतली रसायनं जवळपास तीच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, एकाच बाटलीत सगळं तयार असलेल्या द्रवरूप किटचं आहे. रक्तातली साखर मोजायला घेतलंत तर पैसे वसूल. गूळ, रस, दूध, पीठ यांसाठीही चालतं, पण तिथे नमुना कसा तयार केला यावर सगळं ठरतं आणि पत्रकात त्याबद्दल एक ओळसुद्धा नसते.

बाटलीत दोन विकरं (एन्झाइम) काम करतात. पहिलं ग्लुकोज ऑक्सिडेज, अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून काढलेलं. दुसरं पेरॉक्सिडेज, हॉर्सरॅडिशच्या मुळातलं. (हे मोहरीच्या कुळातलं युरोपातलं तिखट मूळ. शेवग्याला इंग्रजीत ‘हॉर्सरॅडिश ट्री’ असंही नाव असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये पेरॉक्सिडेजचा उगम शेवगा असा लिहिलेला सापडतो. शेवग्याचा इथे काही संबंध नाही.) पहिलं विकर विरघळलेला ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल करतं आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. दुसरं विकर त्या पेरॉक्साइडच्या जोरावर फिनॉल आणि ४-अमिनोअँटिपायरिन जोडून लालसर गुलाबी रंग बनवतं. हे रंगाचं गणित १९६९ साली ट्रिंडर यांनी बसवलं. त्याआधीच्या पद्धतींत कर्करोगकारक रंगद्रव्यं वापरावी लागत. जुने तंत्रज्ञ अजून याला ट्रिंडरची पद्धत म्हणतात.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. यंत्र ग्लुकोज मोजत नाही, रंग मोजतं. ग्लुकोज आणि रंग यांच्या मधे पेरॉक्साइड उभा आहे. तो वाटेत कुणी खाऊन टाकला की साखर कमी दिसते. किटच्या नावाने येणाऱ्या तक्रारी उकलत गेलं तर बहुतेक वेळा इथेच पोहोचायला होतं.

कृती सोपी आहे. तीन नळ्या: ब्लँक, स्टँडर्ड, टेस्ट. प्रत्येकीत १००० मायक्रोलिटर रिएजंट. ब्लँकमध्ये १० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत तेवढंच स्टँडर्ड, तिसरीत तेवढाच प्लाझ्मा. ३७ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं, मग ५०५ नॅनोमीटरला ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे रंग किती गडद त्याचा आकडा). टेस्टच्या ओडीला स्टँडर्डच्या ओडीने भागायचं, १०० ने गुणायचं, उत्तर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. १८ ने भागलं की मिलिमोल प्रति लिटर. महाविद्यालयातल्या जुन्या कलरीमीटरला १ मिलिलिटर पुरत नाही. तिथे ३ मिलिलिटर रिएजंटला ३० मायक्रोलिटर नमुना घ्यावा आणि हिरवा फिल्टर लावावा. प्रमाण तेच राहतं.

पहिला घोटाळा पिपेटचा. १० मायक्रोलिटरमध्ये १ मायक्रोलिटर इकडेतिकडे झालं की उत्तरात १० टक्क्यांची चूक. टिपच्या बाहेर चिकटलेला थेंब टिश्यूने पुसला नाही तर तेवढी चूक सहज होते. साखर १०० ऐवजी ११० आली की लोक किट बदलतात. आधी टिप बदलून बघा.

दुसरा तापमानाचा. वॉटर बाथ नसेल तर पत्रक खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं ठेवा असं सांगतं. पण मे महिन्यातली नागपूरची खोली आणि डिसेंबरातली महाबळेश्वरची खोली यांचं ‘खोलीचं तापमान’ एक नव्हे. म्हणून स्टँडर्ड प्रत्येक बॅचबरोबर लावायचं, सकाळच्या स्टँडर्डवर संध्याकाळचे नमुने काढायचे नाहीत. स्टँडर्डचा ओडी रोज वहीत लिहावा. साधारण ०.३ च्या आसपास असतो, पण तुमच्या यंत्राचा आकडा तुमचा. तो महिनाभरात १०-१५ टक्के खाली आला तर विकर थकत चाललंय.

तिसरा वरच्या मर्यादेचा. पत्रकात ४०० किंवा ५०० पर्यंत रेषीय असं लिहिलेलं असतं, म्हणजे तिथपर्यंत रंग ग्लुकोजच्या प्रमाणात वाढतो. त्यामागचं एक कारण ऑक्सिजन आहे. ३७ अंशांना १ मिलिलिटर रिएजंटमध्ये जेवढा ऑक्सिजन विरघळतो, साधारण तेवढाच ५०० च्या नमुन्यातल्या ग्लुकोजला लागतो. पुढे तो हवेतून हळूहळू आत यावा लागतो आणि १५ मिनिटांत हिशोब जुळत नाही. ६२० असा आकडा आला तर तो छापू नये. नमुना सलाइनने दुप्पट पातळ करून पुन्हा लावावा आणि उत्तर दोनाने गुणावं.

रक्ताच्या बाबतीत किटपेक्षा नळी जास्त दगा देते. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी ग्लुकोज खातच राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. म्हणजे कलेक्शन सेंटरवरून दुचाकीच्या डिकीतून दोन तासांनी आलेला उपाशीपोटीचा नमुना १३० चा ११२-११७ होऊन येतो. १२६ ही मधुमेहाची रेषा. माणूस रेषेच्या अलीकडे आला आणि किटने तर बरोबरच मोजलं! राखाडी टोपणाची फ्लोराइड नळी हा उपाय आहे, पण अर्धा. फ्लोराइड इनोलेज या विकराला अडवतं. ते ग्लुकोज तोडण्याच्या साखळीत बरंच खाली आहे, त्यामुळे पहिला तास-दीड तास वरच्या पायऱ्यांवर ग्लुकोज जातच राहतं. नळी आठ-दहा वेळा उलटीपालटी करून मिसळावी आणि अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करावा. हे जमत असेल तर गॉड-पॉडच्या आकड्यावर बिनधास्त विसंबता येतं.

रक्तातलेही काही पेरॉक्साइडचोर आहेत: खूप वाढलेलं बिलिरुबिन, फुटलेल्या लाल पेशींतलं कॅटालेज, आणि क जीवनसत्त्व. शिरेतून मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व घेतलेल्या रुग्णाची साखर या किटवर कमी दिसते. गंमत म्हणजे त्याच रुग्णाचा ग्लुकोमीटर जास्त दाखवू शकतो, कारण बऱ्याच पट्ट्या रंगाऐवजी वीजप्रवाह मोजतात आणि क जीवनसत्त्व स्वतःचे इलेक्ट्रॉन तिथे देऊन बसतं. अशा वेळी हेक्सोकायनेज पद्धत वापरावी. तिच्यात पेरॉक्साइड नाहीच.

आता खाद्यपदार्थ. इथे किटची खरी परीक्षा आहे.

गुळापासून सुरुवात करू. १ ग्रॅम गूळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून १०० मिलिलिटर करावा आणि गाळून घ्यावा. आता आकडा वाचायला सोपा: उत्तर ५२ आलं तर गुळात ५.२ टक्के ग्लुकोज. तपकिरी रंगाची लोक उगाच धास्ती घेतात. १० मायक्रोलिटर नमुना १००० मध्ये गेला की आणखी शंभरपट पातळ होतो आणि रंग जवळजवळ उरत नाही. खरी अडचण सुक्रोजची. गुळात ग्लुकोजच्या दसपटीहून जास्त सुक्रोज असू शकतं, आणि स्वस्त ग्लुकोज ऑक्सिडेजमध्ये इन्व्हर्टेजचा अंश राहिलेला असतो. ते सुक्रोज तोडत बसतं आणि नवीन ग्लुकोज पुरवत राहतं. ओळखायची खूण अशी: रक्ताच्या नळीतला रंग १५ मिनिटांनी थांबतो, गुळाच्या नळीतला २० व्या, ३० व्या मिनिटालाही चढतच असतो. खात्री करायची तर १ टक्का शुद्ध सुक्रोजचं द्रावण टेस्ट म्हणून लावावं. रंग येता कामा नये. आला तर ते किट रक्तासाठी ठेवा, गुळासाठी दुसरं बघा. रक्तात सुक्रोज नसतंच, त्यामुळे पॅथॉलॉजी लॅबला हा दोष जन्मभर कळणार नाही.

आणखी एक घोळ अहवाल लिहिताना होतो. फेहलिंगच्या पद्धतीने येणारी ‘रिड्युसिंग शुगर’ म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही. गॉड-पॉड फक्त ग्लुकोज बघतं. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून एकाला खोटं ठरवू नये. सुक्रोज हवं असेल तर इन्व्हर्टेज किंवा आम्लाने फोडून पुन्हा मोजावं आणि ग्लुकोजमधल्या वाढीला १.९ ने गुणावं. आम्ल वापरलं तर उदासीन करायला विसरू नये. तीव्र आम्लाचा नमुना रिएजंटच्या बफरला झेपेलच असं नाही.

आवळा हा या किटचा शत्रू. ताज्या आवळ्यात १०० ग्रॅमला काहीशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. नमुन्यात १०० मिलिग्रॅम ग्लुकोजला ३०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असेल तर रेणूंच्या हिशोबात ते ग्लुकोजच्या तिप्पट भरतं. जेवढा पेरॉक्साइड तयार होईल तेवढा ते गिळणार. नळी पाण्यासारखी स्वच्छ राहते आणि आवळ्याच्या रसात साखर नाही असा निष्कर्ष निघतो. कोकम, लिंबू, पेरू यांतही कमीजास्त हाच प्रकार. नुसतं पातळ करून उपयोग नाही, कारण दोन्ही एकाच प्रमाणात पातळ होतात. नमुन्याला आधी अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज (क जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर) लावावं किंवा ते आधीच घातलेलं किट घ्यावं. मग रिकव्हरी बघावी: नमुन्यात ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ग्लुकोज मुद्दाम घालून मोजायचं. उत्तर ४७ ते ५३ ने वाढलं तर ठीक. ३० ने वाढलं तर चोर अजून आत आहे.

लॅक्टोजविरहित दूध तपासायला मात्र हे किट झकास. गाईच्या दुधात साधारण ४.८ टक्के लॅक्टोज असतो, म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडून बनलेली दुधातली साखर. तो पूर्ण फुटला तर १०० मिलिलिटरमागे २.५ ग्रॅम ग्लुकोज सुटतं. गॅलॅक्टोज या विकराला जवळपास दिसतच नाही, त्यामुळे हिशोब सरळ राहतो. दूध पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून लॅक्टेज (लॅक्टोज फोडणारं विकर) थांबवावं, कॅरेझ द्रावणांनी प्रथिनं आणि चरबी खाली बसवावी, गाळावं, एकूण २० पट पातळ होईल असं बघावं. १२५ च्या आसपास आकडा म्हणजे काम फत्ते. १०० म्हणजे ८० टक्के लॅक्टोज फुटला. गाळायचा कंटाळा केला तर चरबीचे थेंब प्रकाश विखुरतात आणि आकडा फुगतो.

तांदळाच्या पिठातला स्टार्चही असाच काढता येतो. १०० मिलिग्रॅम पीठ, उष्णता सोसणारं अल्फा-अमायलेज उकळत्या पाण्यात, मग ५० अंशांना अमायलोग्लुकोसिडेज अर्धा तास (दोन्ही मिळून स्टार्चचं ग्लुकोज करणारी विकरं), शेवटी १०० मिलिलिटर. आलेल्या ग्लुकोजला ०.९ ने गुणायचं, म्हणजे ८९ आलं तर पिठात ८० टक्के स्टार्च. इथे विसरली जाते ती विकराची ब्लँक. अमायलोग्लुकोसिडेजच्या बाटलीत बऱ्याचदा ग्लुकोज असतंच. पीठ न घालता बाकी सगळं करून तो आकडा वजा करावा.

किटमधली स्टँडर्डची कुपी संपली की लॅबमध्ये ग्लुकोज वजन करून स्टँडर्ड बनवतात आणि लगेच वापरतात. तसं करू नये. बाटलीतलं कोरडं ग्लुकोज बहुतेक अल्फा रूपात असतं आणि हे विकर बीटा रूपच ओळखतं. पाण्यात दोन्ही रूपं ३६ आणि ६४ टक्क्यांवर स्थिरावायला वेळ लागतो. ताज्या स्टँडर्डला रंग कमी येतो आणि त्याच्या तुलनेत सगळे नमुने गोड निघतात. दोन तास तरी थांबावं, रात्रभर ठेवलं तर उत्तम. टिकवायला बेंझोइक आम्ल घालावं. सोडियम अझाइड घालू नये, ते पेरॉक्सिडेजलाच मारतं.

साठवण २ ते ८ अंशांना, गोठवायचं नाही, फ्रीजच्या दारात ठेवायचं नाही. बाटली आपोआप गुलाबी होत जाते, थोडी गुलाबी चालते. ब्लँकचा ओडी पत्रकातल्या मर्यादेवर गेला किंवा द्रव गढूळ दिसला की सरळ ओतून द्यावी. मोठ्या बाटलीत पिपेट बुडवू नये, लागेल तेवढं वेगळ्या नळीत ओतून घ्यावं आणि उरलेलं परत ओतू नये. दिवसाला पाच-दहा चाचण्या असतील तर लिटरभराचं स्वस्त पडणारं खोकं घेण्यात अर्थ नाही. छोट्या बाटल्यांचं महाग पडलं तरी तेच घ्यावं आणि उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहावी, टोपणावर नको. टोपणं बदलतात.